पीळ-दंड निलंबन व मोटारगाडीची उभी उंची

पोलादी दंडाचे एक टोक घट्ट बांधून दुसऱ्या टोकाला पीळ दिला असता दंडात जो स्थितिस्थापक विरोध उत्पन्न होतो, त्याचा स्प्रिंगसारखा उपयोग करून चाकांवर गाडीचा भार तोलून धरण्याच्या योजनेस पीळ-दंड निलंबन असे म्हणतात. व्यवहारात ही योजना ‘टॉर्शन बार सस्पेन्शन’ या नावानेच परिचित आहे. रिकामी गाडी सपाट जमिनीवर स्थिर उभी असताना तिच्या सांगाड्याचे जमिनीपासून जे अंतर राहते, ती गाडीची उभी उंची होय. पाट्यांच्या किंवा मळसूत्री स्प्रिंगांच्या निलंबनात ही उंची बदलावयाची तर सुटे भाग बदलावे लागतात किंवा त्यांखाली ठोकळे घालावे लागतात. पीळ-दंडाच्या गाडीत ती दंडाच्या बांधलेल्या टोकाशी असलेल्या तरफेने किंवा बोल्टाने बदलता येते. या सोयीमुळे पीळ-दंड अनेकांना प्रिय झाला आणि या सोयीच्या गैरसमजातूनच त्याचा सर्वाधिक दुरुपयोगही झाला.

रचना व तत्त्व : मोटारगाडीत पीळ-दंड बहुधा गाडीच्या लांबीच्या दिशेने, सांगाड्याच्या तुळईशी समांतर बसविलेला असतो. त्याचे पुढचे टोक चाकाच्या खालच्या भुजेच्या खिळीशी खाचांनी जोडलेले असते, तर मागचे टोक सांगाड्याच्या आडव्या तुळईत अडकविलेले असते. चाक खड्ड्यावरून किंवा दगडावरून वरखाली झाले की भुजा खिळीभोवती फिरते आणि दंडाला पीळ पडतो. दंड हा स्वतः केवळ स्प्रिंग आहे. आंदोलने शमविण्याचे काम त्याला जमत नाही. त्यासाठी धक्काशोषक वेगळा लागतो.

तारेला दिलेला पीळ व तिचा विरोध यांचा नियम फ्रेंच भौतिकीविज्ञ शार्ल ऑग्युस्तीन द कूलंब यांनी १७८४ मध्ये मांडला. त्यानुसार दंडाचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात व लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. याशिवाय तो पोलादाच्या दृढता गुणांकावर अवलंबून असतो. हा गुणांक पोलादाच्या निरनिराळ्या जातींत फारसा बदलत नाही. म्हणजे महागडे पोलाद वापरल्याने दंड अधिक ताठ होत नाही. तो अधिक पीळ न मोडता सोसतो, एवढेच.

कल्पना येण्यासाठी २४ मिमी. व्यासाचा व १ मी. लांबीचा एक दंड घेऊ. भुजेची लांबी ३० सेंमी. असून चाकावर ३५० किग्रॅ. भार आहे असे मानल्यास दंडाला सु. साडेबावीस अंशांचा पीळ पडतो व त्याच्या पृष्ठभागावरील प्रतिबल दर चौ. मिमी.स सु. ३९ किग्रॅ. होते. चाक आणखी १ सेंमी. वर ढकलण्यास सु. ३० किग्रॅ. भार लागतो. अशा निलंबनावरील गाडीचा पुढचा भाग मिनिटास सु. ८७ वेळा वरखाली होईल. माणसाच्या चालण्याच्या लयीशी, म्हणजे मिनिटास ६० ते ९० आंदोलनांशी, जुळणारी हालचाल प्रवाशाला सुखकर वाटते. त्याच दंडाचा व्यास २६ मिमी. केला, तर अवघ्या २ मिमी.च्या फरकाने ताठपणा सु. ३८ टक्क्यांनी वाढतो. हे आकडे पुढील विवेचनातही उपयोगी पडतील.

पाट्यांच्या स्प्रिंगेपेक्षा पीळ-दंड वजनाने हलका असतो. पाट्यांत एकमेकांवर घासणाऱ्या पट्ट्यांमुळे घर्षण होते, ते येथे नसते आणि वंगण द्यावे लागत नाही. जागाही थोडी लागते. मात्र दंडाची पूर्ण लांबी सामावून घेणारा मजबूत सांगाडा आवश्यक असतो.

इतिहास : फर्डिनांड पोर्शे यांच्या जर्मनीतील कार्यालयाने १९३१ मध्ये पीळ-दंड निलंबनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीच्या १९३४ मधील ‘त्राक्स्याँ आव्हाँ’ या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ही योजना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पोर्शे यांच्या फोक्सवॅगन गाडीतही पीळ-दंड होते. दुसऱ्या महायुद्धापासून रणगाड्यांच्या निलंबनात पीळ-दंड रूढ झाला. भारतीय सेनेतील टी-७२ हा रणगाडाही पीळ-दंडांवरच तोललेला आहे. १९६१ मध्ये आलेल्या ‘रनो ४’ या फ्रेंच गाडीत मागील दोन्ही चाकांचे दंड आडवे आणि एकामागे एक बसविलेले होते. परिणामी गाडीच्या डाव्या व उजव्या बाजूंकडील पुढच्या-मागच्या चाकांतील अंतरांत सु. ५ सेंमी.चा फरक पडे आणि त्यावाचून गाडीचे काही अडत नसे.

इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी १९४८ मधील मॉरिस मायनर गाडीच्या पुढील चाकांसाठी पीळ-दंड योजला. त्याच सुमाराच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाड्यांतही तो होता. भारताचा संबंध येथून येतो. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स या कारखान्याने मॉरिस ऑक्सफर्डच्या निरनिराळ्या मालिकांवरून प्रथम ‘लँडमास्टर’ व नंतर १९५७-५८ मध्ये ‘ॲम्बॅसडर’ ही गाडी काढली. ॲम्बॅसडरच्या पुढील चाकांना पीळ-दंड व मागील अखंड आसाला पाटे होते. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट ११०० व पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीच्या पुढील चाकांना मळसूत्री स्प्रिंगा होत्या. तेव्हा कित्येक दशके ‘उंची बोल्टावर आहे की नाही’ हा या दोन गाड्यांमधील एक व्यावहारिक भेद होता. नंतरच्या काळात टाटा सफारी (१९९८), टोयोटा क्वालिस (२०००) आणि शेवरोले टॅव्हेरा (२००४) या मोठ्या गाड्यांच्या पुढील भागात पीळ-दंड आले. त्यांत उंची जुळविण्यासाठी सरळ बोल्ट दिलेला असल्याने ती बदलणे आणखी सोपे झाले.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : गाडीच्या उभ्या उंचीचा प्रश्न या दोन जिल्ह्यांत विशेष तीव्रतेने जाणवतो, कारण येथे थोड्या अंतरात रस्त्याचा प्रकार पुष्कळच बदलतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपर्जन्याचा पट्टा असून वाई-पाचगणी दरम्यानचा पसरणी घाट, पाटणहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट व साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट असे वळणांचे रस्ते आहेत. पुण्याहून येणारा महामार्ग खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्यास व पुढे कऱ्हाडला येतो. कऱ्हाडपासून खाली वाळवे, पलूस, मिरज या बाजूला कृष्णा-वारणेच्या काठची काळी, खोल जमीन लागते. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे कोरड्या माळांचे तालुके आहेत. एकाच गाडीला एका दिवसात घाट, महामार्ग आणि शेतरस्ता या तिन्हींवरून जावे लागणे येथे नित्याचे आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तीवरून नेलेला डांबरी रस्ताही लाटेसारखा खालीवर होतो. उसाच्या गळीत हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या शेतरस्त्यांवरून ये-जा करतात आणि चाकोऱ्या खोल होत जातात. दोन चाकोऱ्यांमधील मातीचा उंचवटा सुकून दगडासारखा घट्ट होतो. त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या एंजिनाखालचे तेलपात्र घासणे ही येथील जुनी तक्रार आहे. साखर कारखाने, दूध संघ, बँका आणि शासकीय कार्यालये यांच्या दिमतीला ॲम्बॅसडर गाड्या असत, त्या काळात ‘पुढून गाडी जरा उचलून द्या’ ही मागणी कारागिराकडे जाणे स्वाभाविकच होते. पुढे खासगी प्रवासी वाहतुकीत, म्हणजे या भागात जिला ‘वडाप’ म्हणतात तीत, पीळ-दंडाच्या मोठ्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा तीच मागणी वेगळ्या कारणाने चालू राहिली. गाडीत ठरल्यापेक्षा अधिक माणसे बसत, पुढचा भाग खाली बसे आणि बोल्ट आवळून तो वर घेतला जाई.

या मागणीत एक घोटाळा आहे, तो प्रथमच सांगितला पाहिजे. पुढचे पीळ-दंड फिरविल्याने सांगाडा, एंजिन व तेलपात्र वर जाते, हे खरे. परंतु अखंड मागील आस असलेल्या गाडीत त्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती वर राहील, हे केवळ मागील टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. कोणतीही स्प्रिंग कितीही उचलली तरी तो तसूभरही वर येत नाही. चाकोरीमधला जो उंचवटा तेलपात्राखालून सुखरूप गेला तो मागे डिफरन्शियलला गाठतोच. अशा रस्त्यावर एक बाजूची चाके उंचवट्यावर व दुसरी कडेच्या पट्टीवर घेऊन गाडी चालविण्याची अनुभवी चालकांची पद्धत बोल्ट आवळण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

उंची बदलल्याने काय बदलते : बोल्ट आवळला की दंडाला अधिक पीळ पडतो, स्प्रिंग अधिक ताठ होते व गाडी अधिक भार पेलते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. दंडाचा ताठपणा व्यास व लांबी यांवर ठरतो आणि बोल्टाने यांपैकी काहीही बदलत नाही. इतकेच नव्हे, तर उभ्या गाडीत दंडाला पडलेला पीळही बदलत नाही. वरील उदाहरणात चाकावर ३५० किग्रॅ. भार आहे, तोवर दंडाला साडेबावीस अंशच पीळ राहणार. बांधलेले टोक ५ अंशांनी फिरविले, तर संपूर्ण दंड भुजेसकट ५ अंश फिरतो. भुजेचे टोक सांगाड्याच्या मानाने सु. २·६ सेंमी. खाली जाते, म्हणजेच सांगाडा तेवढा वर येतो. दंड पूर्वी जेवढा पिळलेला होता तेवढाच पिळलेला राहतो. भुजा आडव्या पातळीपासून १० अंश कलली, तर भाराचे खिळीपासूनचे आडवे अंतर सु. दीड टक्क्याने घटते व त्यामुळे चाकाशी जाणवणारा ताठपणा किंचित बदलतो. पण व्यवहारात तो फरक उपेक्षणीय आहे.

मग ही समजूत इतकी पक्की का ? तिचे मूळ कारागिराच्या हाताच्या अनुभवात आहे. बोल्ट फिरविताना गाडी जॅकवर उचललेली असते व चाक लोंबकळत असते. या स्थितीत भुजा खालच्या अटकावावर टेकलेली असल्यामुळे ती आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून बोल्टाने दिलेला प्रत्येक अंश खरोखरच दंडाच्या पिळात जमा होतो. वरील उदाहरणात आडव्या स्थितीपासून चाकाला खाली ८ सेंमी. जाता येत असेल, तर लोंबकळताना दंडात सु. ७ अंश पीळ शिल्लक असतो. टोक ५ अंश फिरविल्यावर तो १२ अंश होतो. पान्याला वाढता जोर लागतो आणि ‘स्प्रिंग ताठ झाली’ अशी खात्री पटते. गाडी खाली सोडून भार चाकावर आला की पीळ पुन्हा साडेबावीस अंशांवर स्थिर होतो, हे मात्र पान्याला कळत नाही.

उचललेली गाडी चालविताना कडक जाणवते, हाही अनुभव खोटा नाही. त्याचे कारण निराळे आहे. निलंबनाचा एकूण प्रवास ठरलेला असतो. चाकाला वर ८ व खाली ८ सेंमी. मोकळीक होती, ती २·६ सेंमी. उचलल्यावर वर १०·६ आणि खाली ५·४ सेंमी. अशी विभागली जाते. रस्त्यातील खळग्यात चाक उतरताना भुजा वारंवार खालच्या अटकावावर आदळते व गाडीला धक्का बसतो. तो प्रवासी ताठ स्प्रिंगेच्या खाती जमा करतात. याउलट अतिभाराने खाली बसून वरच्या रबरी टेकूवर टेकलेली गाडी थोडी उचलली, तर ती चक्क मऊ जाणवते. एकाच बोल्टाने गाडी कधी कडक तर कधी मऊ ‘होते’, याचा उलगडा असा अटकावांच्या जागेत आहे.

अधिक उचलण्याचे परिणाम : सर्वांत गंभीर परिणाम घाटात दिसतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा आतल्या बाजूच्या पुढील चाकाने खाली उतरून रस्ता धरून ठेवावयाचा असतो. खालची मोकळीक संपली असेल, तर ते चाक उचलले जाते किंवा त्यावरील भार जवळजवळ नाहीसा होतो. त्या चाकाची पकड सुटून सुकाणू व गतिरोध या दोहोंवर परिणाम होतो. गाडीचा गुरुत्वमध्यही वर गेलेला असतो. शेतरस्त्याच्या चार किमी.साठी उचललेली गाडी पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून नेणे म्हणूनच धोक्याचे आहे. हा धोका रिकाम्या गाडीला अधिक असतो, कारण तिची पुढची भुजा खालच्या अटकावाच्या अधिक जवळ असते.

दुसरा परिणाम टायरांवर होतो. भुजेचा कोन बदलला की चाकाचा उभा कल बदलतो आणि सुकाणूच्या आडव्या दांड्यांचा कोन बिघडल्यामुळे दोन्ही पुढील चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळतात. टायरची एकच कड झिजू लागते. खड्ड्यावरून जाताना सुकाणू आपोआप वळल्यासारखे वाटते. गोलसंधींचे कोन त्यांच्या मर्यादेजवळ येऊन त्यांचे रबरी आवरण फाटते. पुढील चाकांनाही शक्ती देणाऱ्या गाड्यांत त्या चाकांकडे जाणाऱ्या दंडांच्या संधी तिरप्या राहून लवकर झिजतात. पुढचा भाग वर झाल्याने दिव्यांचे झोतही वर जातात व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. उंची बदलून देणारे बहुतेक जण दिवे पुन्हा जुळवून देत नाहीत.

गाडी फार खाली घेतल्यास उलट दोष उद्भवतात. वरची मोकळीक संपून भुजा रबरी टेकूवर आदळते आणि तो धक्का थेट सांगाड्याला जातो. ग्रामीण रस्त्यांवरील गतिरोधकांची उंची पाहता येथे हा प्रयोग फारसा कोणी करीत नाही.

मापन व जुळणी : उंची बदलण्यापूर्वी ती खरोखर कमी झाली आहे काय, हे पाहणे आवश्यक असते. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. सर्व टायरांत निर्मात्याने सांगितलेला हवेचा दाब असावा. मऊ टायरमुळे ‘बसलेली’ गाडी हवा भरताच उठलेली अनेकदा दिसते. गाडीत माणसे किंवा सामान असू नये. नंतर गाडीचा पुढचा भाग तीन-चार वेळा खाली दाबून सोडावा व गाडी हाताने थोडी पुढेमागे ढकलावी, म्हणजे टायर व बुश यांतील अडकलेला ताण मोकळा होतो. मोजमाप निर्मात्याने नेमून दिलेल्या बिंदूपासून घ्यावे. हा बिंदू बहुधा खालच्या भुजेच्या खिळीशी किंवा सांगाड्यावर असतो. चिखलपंख्याच्या कडेपासून मोजण्याची पद्धत सोपी असली, तरी पत्रा एकदा ठोकून सरळ केलेल्या गाडीत ती फसवी ठरते.

एका बाजूला झुकलेल्या गाडीत दोष नेमका कोणत्या कोपऱ्यात आहे, हे ओळखणे कौशल्याचे काम आहे. चौपायी खाटेचा एक पाय आखूड झाल्यास तिरप्या समोरचा पायही डळमळतो, तसेच येथे होते. मागच्या उजव्या पाट्याची कमान उतरली असेल, तर गाडी पुढूनही उजवीकडे झुकलेली दिसते. तो कल पुढचा उजवा पीळ-दंड फिरवून काढला, तर गाडी सरळ दिसू लागते. मात्र भार त्या पुढील उजव्या चाकावर व तिरप्या समोरच्या मागील डाव्या चाकावर अधिक आणि उरलेल्या दोहोंवर कमी असा वाटला जातो. अशी गाडी जोरात गतिरोध लावताच एका बाजूला ओढते. म्हणून पुढचे टोक मधोमध जॅकवर उचलून मागचा भाग मोकळेपणी कोणत्या बाजूला झुकतो हे आधी पाहावे. भारतात चालक उजवीकडे बसत असल्यामुळे बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर त्या बाजूचा दंड किंचित अधिक उतरलेला असणे नवल नाही.

प्रत्यक्ष जुळणी करताना पुढील सांगाडा मजबूत टेकूंवर उचलून धरतात आणि चाके लोंबकळू देतात. भार चाकावर असताना बोल्ट सोडणे धोक्याचे असते. वरील उदाहरणातील दंडात त्या वेळी साठलेली ऊर्जा २० किग्रॅ.चा गोळा एक मीटर उंचीवरून पडल्यास मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. तरफ निसटल्यास ती हाताचे हाड मोडू शकते. चाक लोंबकळताना ही ऊर्जा सु. दशांशावर येते, पण शून्य होत नाही. तरफेची व खाचांची मूळ जागा रंगाने किंवा खुणेने नोंदवून ठेवावी. बोल्टाच्या गाडीत एका वेळी एक-दोन फेरेच द्यावेत, दोन्ही बाजूंस सारखे द्यावेत व गाडी खाली घेऊन, हलवून, पुन्हा मोजावे. टेकूवरून उतरविल्याबरोबर घेतलेले माप नेहमी खोटे येते, कारण टायर कडेला दबून चाके आत ओढलेली असतात.

भुजेच्या खिळीत रबरी बुश असतील, तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असताना अखेरचे आवळणे जरूर असते. लोंबकळत्या स्थितीत आवळल्यास बुशाचे रबर कायम पिळलेले राहते, स्वतःच एक लहानशी पीळ-स्प्रिंग बनते आणि काही महिन्यांत फाटते. यानंतर चाकांची तोंडे व कल तपासून घेतल्यावाचून काम पूर्ण झाले असे मानता येत नाही.

खाचांचे गणित : ज्या गाड्यांत बोल्ट नसतो त्यांत दंडाच्या टोकांवरील खाचा मोजून उंची जुळवितात. यात एक सुंदर युक्ती आहे. फोक्सवॅगन बीटलच्या मागील पीळ-दंडाच्या आतील टोकाला ४० व बाहेरील टोकाला ४४ खाचा असत. आतले टोक एक खाच फिरविल्यास ९ अंश, तर बाहेरचे फिरविल्यास ८ अंश १० मिनिटे इतका फरक पडतो. एक टोक एका दिशेने व दुसरे उलट दिशेने एक-एक खाच सरकविले की निव्वळ फरक ५० मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी उरतो. व्हर्नियर मापपट्टीचे हेच तत्त्व आहे. मॉरिसच्या कुळातील काही गाड्यांत मागच्या तरफेशी छिद्रांच्या ओळीची पट्टी देऊन तरफेचा बोल्ट एका छिद्रातून दुसऱ्यात घालण्याची सोय केलेली असे. अशा गाडीत काम वेळखाऊ असल्यामुळे उंची उगाच बदलण्याचा मोह कमी होई, हा तिचा अनपेक्षित लाभ म्हणता येईल.

उतरणे, मोडणे व बदलणे : वर्षानुवर्षे भार वाहून पीळ-दंड थोडा कायमचा वळतो व गाडी खाली बसते. याच, म्हणजे उतरलेली उंची मूळ मापावर आणण्याच्या कामासाठी, जुळणीची सोय दिलेली आहे. मूळ मापाच्या वर नेण्यासाठी नव्हे. दंड तयार करताना तो उष्णता संस्काराने कठीण करून मग वापरातील दिशेनेच मुद्दाम स्थितिस्थापक सीमेपलीकडे पिळतात. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागात उलट दिशेचे प्रतिबल राहून जाते आणि वापरातील भार तो अधिक काळ सोसतो. अशा दंडाला उजवा-डावा भेद असतो. टोकावरील खूण न पाहता डाव्या बाजूला उजवा दंड बसविल्यास हे साहाय्यक प्रतिबल भाराच्याच दिशेने पडते आणि दंड थोड्याच दिवसांत उतरतो किंवा तुटतो.

दंडातील सर्वाधिक प्रतिबल पृष्ठभागावरच असल्यामुळे पान्याचा ओरखडा, वेल्डिंगची ठिणगी किंवा गंजाचा खड्डा येथून शिणवट्याची चीर सुरू होते. पाटा तुटण्यापूर्वी एखादी पट्टी फुटून सूचना मिळते. पीळ-दंड मात्र तुटतो तेव्हा एकदमच तुटतो आणि ती बाजू टेकूवर बसते. दंडावरील रंग किंवा आवरण हे शोभेसाठी नसून या चिरेला वाट मिळू नये म्हणून असते. किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) व साताऱ्याचा कूपर कारखाना यांच्यामुळे या भागात लेथवर काम करणारे कुशल हात फार पूर्वीपासून आहेत आणि तुटलेल्या दंडासारखा हुबेहूब दंड खाचांसकट कापून देणे अशा हातांना अवघड नाही. परंतु योग्य मिश्रपोलाद, उष्णता संस्कार, पूर्व-पीळ आणि पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा यांवाचून तो दंड केवळ आकाराने पीळ-दंड असतो.

ज्या गाडीला नेहमीच अधिक भार वाहावयाचा आहे तीत उंची वाढवून उपयोग नाही. दर चाकावर ६० किग्रॅ. भार वाढला तर आपल्या उदाहरणातील गाडी २ सेंमी. खाली बसते. बोल्टाने ती पुन्हा वर आणली तरी दंडातील पीळ व प्रतिबल वाढलेलेच राहतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर निर्मात्याने दिलेला अधिक व्यासाचा दंड व त्यास जुळणारा धक्काशोषक बसविणे हाच उपाय आहे. तो बसवूनही गतिरोधक यंत्रणा, टायर आणि मागील आस यांची भारमर्यादा जुनीच राहते.

सद्यःस्थिती : सांगाड्याऐवजी पत्र्याच्या एकसंध कवचावर बांधलेल्या व पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान गाड्यांत मळसूत्री स्प्रिंग व धक्काशोषक यांचा एकत्र उभा खांब स्वस्त व सोयीचा ठरल्यामुळे प्रवासी गाड्यांतून पीळ-दंड बहुतांशी मागे पडला आहे. स्वतंत्र सांगाड्याच्या काही मालवाहू व बहुउपयोगी गाड्यांत, तसेच रणगाड्यांत तो टिकून आहे. कलणे रोखण्यासाठी डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा आडवा वाकडा दंड आजही बहुतेक मोटारगाड्यांत असतो. तोही पिळानेच काम करतो, पण भार पेलत नसल्यामुळे त्याने गाडीची उंची बदलत नाही.